शहराला न पटलेला अंगठा

लायसन रिन्यू करायचं म्हणजे काय, तर ज्याला गाडी चालवता येते त्याने ती येते असं परत एकदा लिहून घ्यायचं. एवढीच गोष्ट. पण एवढी गोष्ट जिल्ह्यात एका तऱ्हेने होई, संस्थानात दुसऱ्या तऱ्हेने आणि मुंबई शहरात तिसऱ्याच. हात माझे तेच दोन, गाडी तीच, रस्ता एकाला एक जोडलेला, मध्ये कुठे भिंत नाही. तरी हद्द ओलांडली की मी वेगळा माणूस ठरायचो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची ही हकिकत आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला मला वेळ लागतो, पण दुसऱ्याला सांगून लिहवून घेणार नाही. का, ते पुढे कळेल.

आमचं घर भाईंदरच्या मिठागरवाल्यांचं. बापूस मिठागरावर, त्याचा बापूसही मिठागरावर. आता शांती नगरच्या बाजूला गेलो तर इमारतींत माझी वाट चुकते. तेव्हा त्या अंगाला भाताची खाचरं होती आणि पुढे खाडीलगतचं दलदलीचं खाजण, आणि मी डोळे मिटून घरी आलो असतो. शाळा सुटली तसा मीही मिठाच्या कोंडीत उतरलो. कोंडी म्हणजे बांध घातलेला चौकोन, खाडीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात सुकवायचं आणि तळाला बसलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीने ओढून काठाला आणायचं. दांडा उजव्या हाताने ओढायचा आणि डाव्या अंगठ्याने दाबून धरायचा. हे लक्षात ठेवा, कारण सगळी भानगड त्या डाव्या अंगठ्याची आहे. खारं पाणी आणि लाकूड, दोन्ही मिळून एका हंगामात अंगठ्यावरच्या रेघा पुसून काढतात. आमच्या गावात मिठावर काम करणाऱ्या कोणाच्याही अंगठ्याला रेघ नव्हती. त्याचं आम्हाला काही वाटत नसे. रेघांचं करायचं काय असतं?

मिठागराच्या सेठने लॉरी घेतली तेव्हा गावात तमाशा बघायला यावं तशी माणसं आली. लॉरीवर उत्तनचा एक ख्रिस्ती ड्रायव्हर ठेवला होता, वयाने मोठा, पहिल्या लढाईत मेसोपोटेमियाला गाडी चालवून आलेला. त्याला सगळे दादूस म्हणत, मीही म्हणू लागलो. मी त्याचा क्लीनर झालो. पुढे हँडल मारून गाडी चालू करायची, बोनेट उघडून बघायचं, इथून शिकत शिकत दोन वर्षांत मी गाडी घोडबंदरच्या चढावर न थांबवता नेऊ लागलो. दादूस बाजूला बसून विडी ओढायचा आणि म्हणायचा, "तू गारी चालवतोस का रेडा? जरा हलू घे."

मग तो मला जिल्ह्याच्या कचेरीत लायसन काढायला घेऊन गेला. दिवस मिठाच्या हंगामाचे. हंगामात क्लीनरलाही कोंडीत उतरावं लागे, म्हणून सकाळी मी कोंडीत होतो आणि दुपारी तिथे. धोतर गुडघ्यापर्यंत, पायांना मीठ सुकलेलं. साहेब गाडीत बसला, मी मैदानाला फेरी मारली, दोन दगडांमधून गाडी मागे घेतली, दगडाला धक्का लागला नाही. साहेब उतरून म्हणाला, ठीक. मग आत कारकून. त्याने माझ्याकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, काही न विचारता माझा डावा हात ओढला, अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर उठवला.

मी म्हणालो, "मला सही येते."

तो म्हणाला, "येते ना? मग पुढल्या वर्षी कर."

मी दाराबाहेर येऊन त्या पानाकडे पाहिलं. वांग्याएवढा काळा डाग. रेघ नाही, काही नाही. नाव माझं आणि खाली डाग. दादूस म्हणाला, "काय बघतोस? लायसन मिळालं ना?" मिळालं होतं. पण अंगठाबहाद्दर म्हणून मिळालं होतं, आणि मी दोन वर्षं शाळेत गेलो होतो. माझं नाव मला लिहिता येत होतं, बापसाचंही येत होतं. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे माझा अंगठा कोणत्याही कागदावर पडणार नाही.

आणि पडला नाही. दर वर्षी लायसन रिन्यू करायला मी जिल्ह्याच्या कचेरीत जायचो, तोच कारकून असायचा, त्याने हात पुढे करायच्या आधी मी टाक उचलून सही करायचो. सावकाश करायचो. तो म्हणायचा, "झालं का नाव लिहून? पत्ता पण लिहितोस का?" आणि शिक्का मारायचा. जिल्ह्याचा नियम सरळ होता. माणूस समोर उभा राहिला पाहिजे. उभा आहे, हात पाय आहेत, चालवा गाडी.

एका वर्षी दसऱ्यापासून मीठ पिकेपर्यंत मी संस्थानात लाकडाच्या गाडीवर होतो. तिथे त्यांचं लायसन वेगळं काढावं लागलं. तिथला नियम आणखी सरळ. माणूस उभा राहायचीही गरज नव्हती. कारकुनाने विचारलं, "समुद्राकडचे का तुम्ही?" मी हो म्हणालो. "मग परत याल तेव्हा सुके बोंबील आणा." पुढच्या वर्षी मी गेलोच नाही, एका ओळखीच्या गाडीवानाबरोबर लायसनचं पुस्तक आणि बोंबलांची जुडी पाठवली. पुस्तक शिक्का मारून परत आलं. आत एक चिठ्ठी होती की जुडी लहान होती.

म्हणजे संस्थानात माणूस न बघता काम व्हायचं आणि जिल्ह्यात माणूस बघून. शहरात माणूस सोडून बाकी सगळं बघायचे. ते मला नंतर कळलं.

चार वर्षं आमचं मीठ लॉरीने स्टेशनापर्यंत आणि जिल्ह्याच्या गावापर्यंतच जात होतं. मग सेठला शहरातून कातडं कमावणाऱ्यांची मागणी आली. त्यांना जाडं मीठ लागायचं, रोजच्या रोज. माहीमच्या पुलापलीकडे गाडी न्यायची म्हणजे शहराची हद्द. दादूसकडे शहराचं लायसन आधीपासून होतं, पण तोवर त्याची नजर गेली होती. समोरून बैलगाडी येतेय की झाड आहे हे तो मला विचारायचा. सेठने त्याला घरी बसवायचं ठरवलं आणि मला म्हणाला, "भाई, गाडी आता तुझी. फक्त शहराचा शिक्का घेऊन ये. तुझं लायसन तसंही संपतंय, तिथेच रिन्यू करून टाक."

सीट माझी झाली हे ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. आमच्या घरातला कोणी मिठाच्या राशीवर बसला नव्हता, खालीच उभा राहिला होता. मी राशीच्या पुढे, काचेमागे बसणार होतो.

शिमग्यानंतर मी शहराच्या कचेरीत गेलो. नवा सदरा घातला होता. खिडकीत कारकून होता, चष्मा लावलेला, माझ्याहून वयाने लहान. त्याने पुस्तक उघडलं, पहिलं पान पाहिलं आणि शाईची गादी पुढे सरकवली.

मी म्हणालो, "मी सही करतो."

"सही नंतर. आधी अंगठा."

"मला सही येते."

"इथे सगळ्यांना येते. शहरात एका लायसनवर चार चार जण गाडी चालवतात, माहिती आहे का? इकडचा तिकडे देतो. म्हणून पहिल्या पानावर जे असेल ते जुळवून बघायचं, असा नियम आहे. तुझ्या पानावर अंगठा आहे. दे."

मी दिला. चार वर्षांनी पहिल्यांदा दिला, आणि मनातून त्या जिल्ह्याच्या कारकुनाला शिव्या दिल्या. अंगठा कागदावर उठला आणि मीच बघत राहिलो. गोल गोल रेघा, एकात एक, पाण्यात खडा टाकावा तशा. चार वर्षं मी मिठात हात घातला नव्हता. स्टेअरिंग धरून धरून माझा अंगठा बरा झाला होता. मला पत्ताच नव्हता.

कारकुनाने पहिल्या पानावरचा डाग बघितला, हा बघितला. भिंग काढलं. परत बघितलं.

"हा तू?"

"मीच."

"हा डाग तुझा?"

"माझाच. तेव्हा मिठागरावर होतो साहेब. मिठाने रेघा जातात."

"आणि मग परत येतात?"

"गाडीवर बसल्यावर आल्या."

तो शेजारच्या टेबलाकडे वळला. "ऐकलंत का? याला गाडीवर बसून अंगठा फुटला." तिथला म्हातारा कारकून हसला आणि म्हणाला, "पावसाळ्यापर्यंत थांबा, शेंगा पण लागतील."

मी म्हणालो, "चार वर्षांच्या सह्या बघा की. त्या जुळवा. मी आत्ता करून दाखवतो."

"सही काय, कोणीही करतो."

"सही कोणीही करत नाही, साहेब. आमच्या आळीत मी एकटा करतो."

त्याने पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं. म्हणाला, "हे बघ, पान सांगतंय तो माणूस तू नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. नवीन काढ. अर्ज कर, गाडी चालवून दाखव, नवा अंगठा उठव. अर्ध्या तासाचं काम आहे. हे जुनं इथे जमा कर, आणि तुझं नव्हतं असं लिहून दे."

तुझं नव्हतं. हे दोन शब्द तो बोलला नसता तर मी कदाचित नवीन काढलं असतं. कदाचित. मी पुस्तक खिशात घातलं आणि निघालो.

परत आल्यावर दादूस मला म्हणाला, "लिहून दे ना. तुला काय त्याचं? कागद फाडायचा, नवा घ्यायचा."

मी म्हणालो, "चार वर्षं मी चोराच्या लायसनवर गाडी चालवली असं लिहून देऊ?"

"तसं कोण म्हणतंय?"

"कागद म्हणेल."

"कागद काय, तुझ्या मागे मागे फिरणार हाय?"

तो सरळ माणूस होता. त्याला मी कसं समजावणार? त्याच्या शहराच्या लायसनवर पहिल्यापासून सही होती, उत्तनच्या चर्चच्या शाळेत शिकलेली, वळणदार. मला त्या पहिल्या पानावर अंगठा लावायला लावला तो एका सरकारी माणसाने, आणि आता दुसरा सरकारी माणूस म्हणतोय तो अंगठा तुझा नाही. दोघांपैकी कोणाचीही चूक नाही, चूक माझ्या हाताची. हे मला मान्य नव्हतं आणि आजही नाही.

मी जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. कारकून तोच. म्हटलं, मी तोच माणूस आहे असं पत्र द्या. तो म्हणाला, "आमच्या दृष्टीने तू तूच आहेस. आम्ही कधी नाही म्हटलं? शहराला पटत नसेल तर शहराला विचार." म्हटलं, शहर म्हणतंय पान बघा. तो म्हणाला, "मग पान बघ." एका सरकारने दुसऱ्या सरकारला चार ओळी लिहायच्या, तेवढ्यालाही नियम नव्हता.

इकडे सेठने ऐकलं. तो चिडला नाही, त्याने फक्त सांगून टाकलं. "अक्षय तृतीयेपर्यंत दादूस कसंतरी चालवेल, तू बाजूला बसून त्याला रस्ता सांग. त्या दिवशी शिक्का दिसला नाही तर खाडीपलीकडचा एक ड्रायव्हर आहे, शहराचंच लायसन आहे त्याच्याकडे, तो बसेल. मग मी तुला उठवू शकणार नाही भाई, त्याला कसा उठवू?"

जेमतेम महिना राहिला होता. महिना संपला की सीट जाणार, आणि एकदा गेली की मी परत क्लीनर, तोही दुसऱ्याचा.

बापूस तेव्हा साठीच्या घरात होता, पण कोंडीतून वर आला नव्हता. मी गाडीवर गेलो ते त्याला कधी आवडलं नाही. मला ड्रायव्हरसाहेब म्हणायचा. त्या संध्याकाळी मी ओट्यावर अंगठ्याकडे बघत बसलो होतो तर तो मीठ धुवून आला आणि म्हणाला, "काय झाला ड्रायव्हरसायब? काटा लागला?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत पाय पुसत होता. मग त्याने माझा हात धरला, अंगठा उजेडाकडे केला, आणि स्वतःचा शेजारी ठेवला. त्याचा अंगठा शिंपल्यासारखा गुळगुळीत.

"म्हन्जे त्याना बरा झालेला आंगठा नको," तो म्हणाला. "बिघरलेला पायजे."

"हो."

"मंग त्यात काय हाय? बिघरवाला येवरी कोंडी हाय. सकाली ये."

त्याने थट्टेत म्हटलं की खरं ते मला कळलं नाही. पण मी रात्रभर विचार केला, आणि सकाळी सदरा काढून ठेवला, लंगोटा नेसलो आणि चार वर्षांनी कोंडीत उतरलो. आता मीच कबूल करतो, यात शहाणपण नव्हतं. दादूसने कपाळाला हात लावला. अर्ध्या तासाचं काम सोडून माणूस वीस दिवस मिठात उभा राहतो, ते स्वतःचा हात फाडून घ्यायला. पण मला माझ्याच लायसनवर, माझ्याच पहिल्या पानावर शिक्का हवा होता.

पहिले दोन दिवस कोंडीतली माणसं कामं सोडून बघायला यायची. "गारी बुडली का कोंडीत?" असं एकाने विचारलं. तिसऱ्या दिवशी हाताला चिरा पडल्या आणि मग थट्टा थांबली, कारण चिरांत खारं पाणी गेलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बापूस शेजारच्या कोंडीत असायचा. तो मला एवढंच सांगायचा की दांडा कसा धरायचा. "आंगठा वर घे. वर. तुजा शहानपना नको, मी सांगतो तसा घे." मीठ काढल्यावर कोंडीत लालसर कडू पाणी उरतं, त्यात त्याने मला डावा हात बुडवून बसायला लावलं. घटकाभर. आग व्हायची ती खांद्यापर्यंत जायची. तो बाजूला उभा राहून विडी ओढायचा आणि मध्येच म्हणायचा, "आजून."

अंगठा किती झिजला ते कळायला मी एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी दिव्याची काजळी अंगठ्याला लावायची आणि ओट्याच्या भिंतीवर उठवायचा. पहिल्या दिवशी सगळ्या रेघा. चौथ्या दिवशी मधल्या पुसट. आठव्या दिवशी कडेच्या तेवढ्या राहिल्या. भिंतीवर रांग लागली. बायको म्हणाली, "भूत फिरतंय का घरात? माणसं काय म्हणतील?" मी तिला म्हटलं, भिंत परत सारवता येते.

बाराव्या दिवशी मी अंगठा उठवला आणि रेघा परत दिसल्या. आठव्या दिवसाहून जास्त. मी दिवा जवळ नेला. खोटं नव्हतं. घटकाभर त्या कडू पाण्यात बसून आलो होतो आणि अंगठा माघारी जात होता. मी हाताचा वास घेतला. कोकमतेल.

दुपारी जेवून मी आडवा व्हायचो, तेव्हा माझा डोळा लागला की बायको माझ्या हाताला कोकमतेल चोळत होती. चार दिवस रोज. आमच्याकडे चिरा पडल्या की कोकमतेल, आजी लावायची, आई लावायची, त्यात तिने काही वेगळं केलं नव्हतं. पण मी तिच्यावर ओरडलो. असा कधी ओरडलो नव्हतो.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अवो, रातीला तुमाला ताट धरवत न्हाय. पानी मी पाजते. सरकारला खरखरीत आंगठा पायजे तर सरकारच्या बायकोला सांगा ना रोज बघत बसायला."

"चार दिवस फुकट गेले."

"जावूद्या. आनि भिंत सारवायला मना सांगू नका."

तेलाची वाटी तिने उचलून आत नेली. त्यानंतर वीस दिवस होईपर्यंत तिने माझ्या हाताकडे पाहिलं नाही. भाकरीचे तुकडे मात्र करून ठेवायची, मला मोडवत नव्हती म्हणून. मी गेलेले चार दिवस भरून काढायला सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळा कडू पाण्यात बसू लागलो. बापूस आता विडीही ओढत नव्हता. एकदा म्हणाला, "पुरे झाला." मी म्हणालो, "अजून." तो निघून गेला.

इकडे मी कोंडीत, म्हणून दादूस एकटाच लॉरी चालवत होता, माझ्याजागी कोणी बाजूला बसायला तयार नव्हतं. एकदा त्याने माहीमच्या अलीकडे गाडी गवताच्या गाडीला घासली. कोणाला लागलं नाही. पण संध्याकाळी तो कोंडीच्या बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी म्हातारा हाय. मला तुझ्या अंगठ्यासाठी मारू नको. जा आता, जसा असेल तसा घेऊन जा." त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की माझा हट्ट दुसऱ्या कोणालातरी महाग पडतोय. भिंतीवर त्या संध्याकाळी अंगठा उठवला तो नुसता डाग होता.

अक्षय तृतीयेला दोन दिवस होते. मी पहाटेच्या गाडीने शहरात गेलो. डब्यात दांडी धरता येईना म्हणून खाली बसलो. खिडकीत तोच चष्मेवाला. त्याने मला ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनही अंगठाच मागितला. म्हणजे मी तोच, महिन्यापूर्वी येऊन गेलेला, हे त्याला पटत होतं. चार वर्षांपूर्वीचा तोच, हे पटत नव्हतं.

त्याने माझा हात गादीवर ठेवला आणि थांबला. अंगठ्याच्या चिरेतून थोडं रक्त शाईत उतरलं होतं.

"हे काय केलंस?"

"काम केलं."

"कसलं काम?"

"मिठाचं. आमचं तेच आहे."

त्याने अंगठा कागदावर उठवला. भिंग घेतलं. पहिलं पान, हे पान. पहिलं पान, हे पान. शेजारचा म्हातारा कारकून उठून आला, त्यानेही पाहिलं, आणि आज शेंगांचं काही बोलला नाही.

"जुळतोय," चष्मेवाला म्हणाला. मग खालच्या आवाजात, "अरे, नवीन काढायचं होतंस. मी सांगितलं होतं तुला. अर्ध्या तासाचं काम होतं."

"ते मला कळलं होतं."

"मग?"

मी शिक्क्याकडे बोट दाखवलं. मग त्याने शिक्का मारला, तारीख टाकली. मी विचारलं, खाली सही करू का. तो म्हणाला, "जागा नाही." खरंच जागा नव्हती. अर्धं पान डागाने खाल्लं होतं आणि अर्धं शिक्क्याने. मी तिथे आणखी भांडलो असतो, पण टाक हातात धरवला नसता.

दुपारी भाईंदरला उतरलो तो सरळ सेठकडे गेलो, शिक्का दाखवला. त्याने पाहिला, मान हलवली, म्हणाला, "उद्यापासून." त्याला बाकी काही विचारायचं नव्हतं. त्याच्या दृष्टीने शिक्का मिळाला, विषय मिटला. मला मात्र कोणालातरी सांगायचं होतं की हा शिक्का घ्यायला काय लागलं, कुठला नियम कुठे कसा आहे, आणि हे बरोबर नाही. ऐकायला कोणी नव्हतं. जिल्ह्यात सांगितलं असतं तर म्हणाले असते, आमच्याकडे असं नाही. संस्थानात म्हणाले असते, बोंबील आणलेत का.

बापूस घरासमोर बसून फळीचा दांडा तासत होता. मी पुस्तक त्याच्यासमोर उघडून धरलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का कळत होता.

"काय बोल्ले?" त्याने विचारलं.

"मीच हाय बोल्ले."

त्याने तासणी खाली ठेवली आणि पुस्तक हातात घेतलं. पहिल्या पानावरच्या डागावरून स्वतःचा अंगठा फिरवला, हळूच, शाई ओली असावी तसा.

"आनि मंग इतकी वर्सं कोन होतास तू?" तो म्हणाला, आणि पुस्तक माझ्याकडे देऊन परत दांडा तासू लागला.

मला राग आला. तेव्हाही आला आणि आता लिहितानाही येतो. आत गेलो तर बायकोने कोकमतेलाची वाटी पाटाजवळ आणून ठेवली होती. मी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरीत मीठ भरलं. दादूस आला होता, बाजूला बसायला. हँडल त्यानेच मारलं, कारण ते मला धरवलं नसतं. स्टेअरिंगला मी धोतराचा फडका गुंडाळला. घोडबंदरच्या रस्त्याला लागलो तेव्हा फडका तेलाने आणि रक्ताने चिकट झाला होता आणि वळणावर हात घसरत होता.

दादूस म्हणाला, "जड जातंय तर उतर. मी घेतो."

मी म्हणालो, "तुला दिसतंय का समोर काय हाय ते?"

"न्हाय."

"मग बस गप."

तो बसला. मी गाडी माहीमच्या पुलापलीकडे नेली.